ठिगळ कोणी लावायचे?

गेल्या कोजागिरीला मसाला दुधाचे पेले हातात घेऊन आम्ही काही जण गप्पा मारत बसलो होतो. मुलाकडे चार महिन्यांसाठी आलेल्या एक आजी शेजारी होत्या. त्यांनी मला विचारले, "अहो, आमच्या मुलाला शनिवारी रात्री दोन-दोन वाजता ऑफिसचा फोन येतो आणि हा म्हणतो, पॅच लावायचाय. बँकेत एवढी कसली ठिगळं लावायची असतात? आणि दर महिन्याला फाटतं तरी काय?" सगळे हसले. त्यांचा मुलगा सर्वांत मोठ्याने हसला आणि पुन्हा मोबाइलकडे वळला. मला मात्र प्रश्न मनापासून आवडला, कारण तीस वर्षे याच धंद्यात काढूनही त्याचे सरळ उत्तर मी कुणाला दिलेले नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : हे ठिगळ लावायचे कोणी? ज्याने कापड विणले त्याने, की जो ते अंगावर घालतो त्याने? या दोन प्रश्नांचा इतिहास आज वाचकांपुढे ठेवतो आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही येते. ती आजवर मी कुठे लिहिली नव्हती.

मी सिंगापुरात आलो १९९५ साली. त्याआधी मुंबईत, अंधेरीच्या सीप्झमध्ये नोकरी होती. पहिल्याच दिवशी रॅफल्स प्लेस स्टेशनच्या जिन्यावरून वर आलो आणि चारी बाजूंच्या इमारती बघत तसाच उभा राहिलो. या जागेचे पहिले नाव ‘कमर्शियल स्क्वेअर’. १८५८ साली ते बदलून रॅफल्स प्लेस झाले. स्टॅम्फर्ड रॅफल्सच्या काळात इथली एक टेकडी खणून काढली आणि तिच्या मातीने नदीकाठची दलदल भरली, त्यावर ही पेठ उभी राहिली. म्हणजे पायाच मुळी भरावाचा. मी आलो त्याच वर्षी फेब्रुवारीत बेअरिंग्ज ही दोनशे वर्षांहून जुनी ब्रिटिश बँक तिच्या सिंगापुरातील एका दलालाच्या व्यवहारांमुळे बुडाली होती, आणि ते व्यवहार याच परिसरात झाले होते. तोटा ८२७ दशलक्ष पौंडांचा. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तो लपवून ठेवला होता. त्या प्रकरणाची धास्ती सगळ्या चौकाने घेतली होती. आमच्या ऑफिसात तर संगणकावर साधा बदल करायचा म्हटले तरी फॉर्म, त्यावर कारण, जोखीम आणि साहेबाची सही. हा फॉर्म वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याचे काम पुढे आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे. ‘पॅच’ हा शब्द अलंकारिक नाही, तो खरोखरच्या ठिगळावरून आला. १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क १ या यंत्राला आज्ञा दिल्या जात त्या कागदाच्या पट्टीवरील भोकांतून. भोक चुकीच्या जागी पडले तर पट्टी फेकून न देता तेवढ्या जागेवर कागदाचा तुकडा चिकटवत आणि योग्य जागी नवे भोक पाडत. अशी ठिगळे लावलेली पट्टी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवली आहे. यंत्रे बदलली, पट्ट्या गेल्या, शब्द तेवढा राहिला.

आणि फाटते कसे? खरे तर फाटत नाही, विणतानाच टाका सुटलेला असतो. एखाद्या बँकेचा कारभार चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये लाखो ओळी असतात. त्यात कुठे तरी ‘समोरचा माणूस अमुक लांबीचेच नाव लिहील’ असे गृहीत धरलेले असते. चांगला माणूस तसेच लिहितो. वाईट माणूस मुद्दाम दहापट लांब नाव लिहितो, ते ठरलेल्या जागेत मावत नाही, सांडते, आणि सांडलेला भाग यंत्र आज्ञा समजून पाळू लागते. हा सुटलेला टाका वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही. ज्या दिवशी दिसतो त्या दिवसापासून शर्यत सुरू होते. एका बाजूला ठिगळ लावणारे, दुसऱ्या बाजूला त्या भोकातून आत शिरणारे.

सुरुवातीच्या काळात ‘खुले’ आणि ‘मालकीचे’ असा भेदच नव्हता. आयबीएम आपल्या यंत्राबरोबर प्रोग्राम देई आणि त्यातील बरेचसे सोर्स कोडसकट, म्हणजे वाचता येईल अशा मूळ रूपात. ग्राहकाचे लोक तो वाचत, हवे तसे बदलत, एकमेकांना सुधारणा देत. १९६९ साली आयबीएमने यंत्राची आणि प्रोग्रामची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. १९८३ साली मूळ संहिता यापुढे द्यायची नाही, फक्त यंत्राला कळणारे रूप द्यायचे, असे धोरण आले. तिथून ग्राहकाच्या हातातली सुई गेली. दुरुस्त्या येऊ लागल्या त्या ‘पीटीएफ’च्या रूपात, म्हणजे ‘तात्पुरती दुरुस्ती’. मी स्वतः या पीटीएफच्या टेपा चढवल्या आहेत. तात्पुरत्या म्हणून आलेल्या त्या दुरुस्त्या कायमच्या राहत, हे आमच्या व्यवसायातले जुने सत्य.

दुसरा प्रवाह विद्यापीठांतून वाहत होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवरील हजारो युनिक्स यंत्रांत शिरला. बर्कलीच्या मंडळींकडे त्या युनिक्सचा सोर्स कोड होता. त्यांनी रात्र जागून भोक शोधले आणि दुरुस्ती सगळ्यांना पाठवून दिली. पाठवायची कशी, याची सोय लॅरी वॉल यांनी १९८५ सालीच करून ठेवली होती. त्यांच्या छोट्याशा प्रोग्रामचे नावच ‘पॅच’. बदललेल्या ओळी तेवढ्या पाठवायच्या, समोरच्याकडे त्या आपोआप योग्य जागी बसतात. १९९५ साली काही वेबमास्टरांनी एका बंद पडत चाललेल्या वेब सर्व्हरला अशाच दुरुस्त्या जोडून ‘अपाची’ उभा केला. नाव अमेरिकेतील आदिवासी जमातीच्या सन्मानार्थ, असे संस्थापक सांगतात, पण ठिगळांचा सर्व्हर म्हणून ‘अ पॅची’ ही कोटी जगभर झाली.

आपल्याकडे हे दोन्ही प्रवाह पोचले, आणि दोन्हींत आपली माणसे होती. बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीतून लिनक्स हजारो भारतीय घरांत पोचवले. मला मुंबईहून मित्राने धाडलेली तशी एक सीडी अजून माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या बाजूला सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळले, धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढण्याचा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. एक खुल्या सीडीचा मार्ग, एक विकत घ्यायच्या डबीचा. दोघांनीही आपल्या लोकांचे संगणक सांभाळले. म्हणून ‘कोण चांगला, कोण वाईट’ असा हा लेख नाही.

त्या काळी आमच्यात मात्र वाद अगदी हमरीतुमरीवर येऊन चालत. खुल्या पंथाचे म्हणत, सोर्स उघडा असला की हजार लोक वाचणार, दोष लपणार कुठे? सुरक्षितता गुप्ततेवर अवलंबून नसावी हे केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवले आहे. मालकीच्या पंथाचे म्हणत, उघड्या घरात चोरही नकाशा वाचतो. आणि काही बिघडले तर रात्री फोन कुणाला करणार? आमच्यासारख्या ऑफिसात दुसरे म्हणणेच चाले. करारावर सही करणारी कंपनी असली की साहेबांना झोप लागे. मीही त्याच पंथाचा.

आता माझी चूक. २५ जानेवारी २००३, शनिवार. चिनी नववर्ष एका आठवड्यावर आलेले. त्या दिवसांत शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असे. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते, येताना लिटल इंडियातून तीळ आणि गूळ आणायचा होता. दीडच्या सुमारास मी बॅग आवरत असताना एकेक पडदा गोठू लागला. आधी रिपोर्ट बंद, मग ईमेल बंद, मग टेलिफोन वाजू लागले.

जगाच्या घड्याळात ती वेळ होती ग्रीनिचची सकाळी साडेपाच. ‘स्लॅमर’ नावाचा वर्म नुकताच सुटला होता. आकार फक्त ३७६ बाइट, म्हणजे देवनागरीतला एखादा छोटा परिच्छेद. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील एका भोकातून तो शिरे आणि आपल्या प्रती बेफाम वेगाने बाहेर फेकत राही. पहिल्या मिनिटात त्याची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. जगातील ज्या यंत्रांना तो लागू शकत होता त्यांपैकी नव्वद टक्के यंत्रे दहा मिनिटांत गाठली गेली. दक्षिण कोरियाचे इंटरनेट कोलमडले. अमेरिकेतील एका मोठ्या बँकेची तेरा हजार एटीएम पैसे देईनात.

या भोकाचा पॅच जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, प्रसिद्ध झाला होता. तो आमच्याकडे आला होता. माझ्या हाताखाली सांगलीची एक तरुण मुलगी काम करी. त्या सर्व्हरची जबाबदारी तिच्याकडे होती. तिने ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तो लावण्यासाठी फॉर्म भरून माझ्यापुढे ठेवला. दोन्ही वेळा मी त्यावर ‘पुढे ढकलावे’ असे लिहून सही केली. पहिल्यांदा तिमाहीअखेर होती. दुसऱ्यांदा, त्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या विक्रेत्याची संमती घ्यायची होती, ती मागणारे पत्र मीच डिसेंबरपर्यंत पाठवले नाही. डिसेंबरात वर्षअखेर. जानेवारीत नववर्षाआधी बदलबंदी. प्रत्येक कारण त्या त्या दिवशी खरे वाटत होते.

रविवारी रात्रीपर्यंत आम्ही सगळे सावरले. पैसा बुडाला नाही, माहिती गेली नाही. हळदीकुंकू माझ्याशिवाय झाले. सोमवारी अहवाल लिहायचा होता. मी लिहिले, ‘विक्रेत्याची संमती प्रलंबित असल्याने पॅच लावता आला नाही.’ वाक्यात खोटे काहीच नव्हते. संमती कुणी मागितली नव्हती, एवढेच त्यात नव्हते. तिचे दोन फॉर्म मी अहवालाला जोडले नाहीत. सर्व्हर तिच्या नावावर होता, म्हणून तिच्या नोंदीवर शेरा आला. मार्चपासून सार्स सुरू झाला, धंदे बसले, कपात आली, आणि कपातीच्या यादीत अशा नोंदी आधी बघतात. एम्प्लॉयमेंट पास रद्द झाला की देश सोडायला महिनाभर मिळतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ती गेली. जाताना माझ्या टेबलाशी येऊन "येते सर" म्हणाली. मी "ऑल द बेस्ट" म्हणालो.

असो. इतिहास पुढे नेतो. स्लॅमरनंतर मालकीच्या बाजूने घर आवरायला घेतले. बिल गेट्स यांनी जानेवारी २००२ मध्येच सुरक्षेला अग्रक्रम देण्याचे पत्र आपल्या कर्मचाऱ्यांना लिहिले होते. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा द्यायची प्रथा पाडली. अमेरिकेतील मंगळवार सकाळ म्हणजे आपल्याकडे बुधवारची मध्यरात्र उलटलेली. मग त्या चाचणी यंत्रांवर चढवायच्या आणि पुढच्या शनिवारी रात्री खऱ्या यंत्रांवर. आजींच्या मुलाच्या शनिवारचे मूळ हे. त्यातून एक मोठा फायदा झाला : ठिगळ लावणे हा अपवाद न राहता रीत झाली. दिवस ठरला की माणसे बसवता येतात, सेवा बंद ठेवण्याची वेळ ठरवता येते.

खुल्या बाजूचा भ्रम फुटायला एप्रिल २०१४ उजाडावा लागला. ‘ओपन एसएसएल’ हा जगातल्या असंख्य संकेतस्थळांना कुलूप पुरवणारा खुला प्रोग्राम. त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचे भोक सापडले, गूगलमधील नील मेहता यांना आणि एका फिनिश कंपनीला, दोघांना स्वतंत्रपणे. ते दोन वर्षांहून अधिक काळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडे पडलेले होते. मग कळले की एवढ्या जगाचे कुलूप सांभाळायला पूर्णवेळ माणूस जेमतेम एक, आणि वर्षाच्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर. वाचायला सर्वांना मुभा होती, प्रत्येकाला वाटत होते की दुसरा कुणी तरी वाचत असेल. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला तीनशे लोक येतात आणि नंतर खुर्च्या चौघे उचलतात, त्यातलाच हा प्रकार. नंतर मोठ्या कंपन्यांनी लाजेकाजेने निधी उभारला.

खुले आणि मालकीचे यांची खरी तुलना करायची तर मार्च २०१७ सारखा महिना नाही. ७ मार्चला ‘अपाची स्ट्रट्स’ या खुल्या प्रोग्रामचा पॅच आला. बरोबर एका आठवड्याने, १४ मार्चला, मायक्रोसॉफ्टचा विंडोजसाठीचा एक महत्त्वाचा पॅच आला. दोन्ही वेळेवर, दोन्ही फुकट. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पत-नोंदी ठेवणाऱ्या कंपनीने पहिला एका ठिकाणी लावला नाही. मेपासून जुलैपर्यंत चोर आत वावरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दुसरा जगभर अनेकांनी लावला नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या रुग्णालयांना वेठीस धरले. इथे सिंगापुरात दोन मॉलमधील दिशादर्शक पडद्यांवर खंडणीची मागणी झळकली. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. नंतर मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितले की चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने बसवावे लागले.

म्हणजे एक उघडा, एक बंद, आठवड्याच्या अंतराने आलेले दोन पॅच, आणि परिणाम एकच. ठिगळ पेटीत होते, अंगरख्यावर नव्हते.

पुढच्या वर्षी हे थेट आपल्या दारात आले. २० जुलै २०१८ रोजी सिंगहेल्थच्या १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेल्याचे जाहीर झाले. त्यात तत्कालीन पंतप्रधान ली श्येन लूंग यांचीही होती. आपल्यापैकी अनेकांना तो एसएमएस आला असेल, माझ्या पत्नीला आला होता. निवृत्त न्यायाधीश रिचर्ड मॅग्नस यांच्या चौकशी समितीचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये आला. मी तो सलग दोन रात्री वाचला. चोराला आत पाय रोवता आला त्या संगणकावर आउटलुकचा पॅच लावलेला नव्हता. तो पॅच उपलब्ध होता. पण मी थांबलो ते दुसऱ्या भागापाशी. काही कर्मचाऱ्यांना संशय आला होता, त्यांनी वर सांगितले होते, आणि मधल्या फळीतील अधिकाऱ्याने ते पुढे नेले नाही, कारण पुढे नेले की दडपण येते. मधली फळी. २००३ साली मी तीच होतो.

त्यानंतर इथल्या नियमांनीही हा धडा गिरवला. सिंगापूरच्या मध्यवर्ती प्राधिकरणाने, म्हणजे ‘मास’ने, ऑगस्ट २०१९ मध्ये काढलेली आणि वर्षभराने लागू झालेली ‘सायबर हायजीन’ची सूचना बँकांना सांगत होती की सुरक्षेचे पॅच जोखमीला साजेशा वेळेत लावलेच पाहिजेत, आणि पॅच उपलब्ध नसेल तर जोखीम कमी करण्याचा दुसरा उपाय केला पाहिजे. प्रोग्राम खुला की मालकीचा, असा भेद त्यात नाही. रॅफल्स प्लेसच्या प्रत्येक मजल्यावर हा नियम सारखा.

मग दोन्हींत फरक नाहीच का? आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. मालकीच्या प्रोग्रामला निर्माता एक, म्हणून ठिगळ कुठून येणार हे पक्के. पण त्याने दुकान बंद केले की सुई कुणाच्याच हाती नसते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरी तो असंख्य यंत्रांवर चालूच होता. वॉनाक्रायच्या वेळी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून त्यासाठी पॅच काढला म्हणून निभावले. निर्मात्याच्या मर्जीवाचून दुसरा मार्ग नव्हता. खुल्या प्रोग्रामला कुणीही ठिगळ लावू शकतो, पण ‘कुणीही’ म्हणजे पुष्कळदा कुणीच नाही. शिवाय तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसते.

हे शेवटचे डिसेंबर २०२१ मध्ये कळले. ‘लॉगफोरजे’ हा नोंदी लिहिणारा छोटासा खुला प्रोग्राम, मूठभर स्वयंसेवक सांभाळणारे. २०१३ साली त्यात जोडलेल्या एका सोयीतून भोक पडले होते. चीनमधील अलीबाबा क्लाउडच्या एका अभियंत्याने ते नोव्हेंबरअखेर कळवले, ९ डिसेंबरला ते जगजाहीर झाले आणि महिना संपेपर्यंत स्वयंसेवकांनी एकामागून एक चार सुधारित आवृत्त्या काढल्या. कुठल्याही कंपनीला लाजवील असा वेग. तरीही आम्ही दोन आठवडे झोपलो नाही, कारण तो प्रोग्राम विकत घेतलेल्या कुठकुठल्या मालकीच्या प्रोग्रामांच्या पोटात दडला आहे याची यादीच कुणाकडे नव्हती. विक्रेत्यांना विचारले तर तेही शोधत होते. आणि गंमत बघा, स्लॅमरच्या वेळीही हेच झाले होते. एसक्यूएल सर्व्हरचे छोटे इंजिन इतर अनेक प्रोग्रामांबरोबर गुपचूप बसलेले असे, आणि आपल्याकडे ते आहे हे मालकाला वर्म आल्यावर कळले. एकोणीस वर्षांत रोग तोच, फक्त आडनाव बदलले.

आणखी एक धोका अलीकडे पुढे आला आहे : ठिगळच विषारी असेल तर? नॉटपेट्या सुरुवातीला पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या मालकीच्या प्रोग्रामच्या अधिकृत अपडेटमधून. म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखे ताबडतोब अपडेट घेतले तेच आधी बळी पडले. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या खुल्या प्रोग्राममध्ये मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ नावाने वावरणाऱ्या कुणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, खरीखुरी कामे करून, दमलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. त्याच्या बहुतेक नोंदींवरची वेळ ग्रीनिचच्या पुढे आठ तासांची, म्हणजे आपल्याच घड्याळाची. अर्थात घड्याळ खोटेही लावता येते. हे सापडले ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, एका कामाला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा त्याने पिच्छा पुरवला म्हणून. सोर्स उघडा होता म्हणून त्याला तळापर्यंत जाता आले, हे खुल्या बाजूचे मोठेच बळ. आणि तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये! जुन्या पंथवाद्यांनी यावर काय म्हणावे?

त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. चांगीवर काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. अशा दिवशी ‘पुढे ढकलावे’ लिहिणारा माणूस शहाणा ठरतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घाई आणि चालढकल यांतला मधला मार्ग कंटाळवाणा आहे : आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी ठेवा, आधी थोड्या यंत्रांवर लावून बघा, परत फिरण्याची वाट ठेवा, आणि ढकलायचेच असेल तर किती दिवस आणि कुणाच्या सहीने, ते लिहून ठेवा. ती सही नंतर लपवू नका.

घरीसुद्धा हेच. आपले संगणक, फोन आपण सांभाळतो, पण कोपऱ्यात लुकलुकणारा राउटर कुणी शेवटचा कधी अपडेट केला? नाशिकला, कोल्हापूरला आईवडिलांना आपणच दिलेला जुना फोन अजून कंपनीच्या दुरुस्त्या घेतो आहे का? त्या फोनवर आता त्यांची बँक आहे. पुढच्या सुट्टीत गेलात की तासभर त्याला द्या. आजींना मी हेच सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे गोधडीसारखंच की. एक टाका उसवला तेव्हाच घातला तर बरं, नाही तर अख्खी खोळ काढावी लागते." तीस वर्षांत मला जे जमले नाही ते त्यांनी एका वाक्यात केले.

राहता राहिली सांगलीची मुलगी. चौकशी समितीचा अहवाल वाचून झाल्यावर, २०१९ च्या फेब्रुवारीत, मी ओळखीतून तिचा नंबर मिळवला. ती आता पुण्यात एका मोठ्या हुद्द्यावर आहे, मुलगी कॉलेजात आहे. मी सगळे सांगितले, फॉर्म, अहवाल, न पाठवलेले पत्र. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "सर, मला तेव्हाच माहीत होतं. त्या दोन फॉर्मच्या झेरॉक्स होत्या माझ्याकडे."

"मग दाखवल्या का नाहीस?" मी विचारले.

"तुम्ही सांगाल असं वाटलं होतं," ती म्हणाली. आणि मग, आवाजात जराही कडवटपणा न आणता, "आता माझ्याकडे कुणी फॉर्म आणला ना सर, की मी पुढे ढकलण्याचं कारण स्वतःच्या हाताने लिहिते आणि खाली माझं नाव घालते. आमच्याकडे तसा नियमच केलाय मी."

माझ्या निवृत्तीला आता थोडे महिने उरले आहेत. तिचा तो नियम मीही आमच्या ऑफिसात लावून घेतला आहे. जुलै २००२ च्या त्या पॅचसारखा, उशिराच.